पातळ लॅपटॉपची खरी किंमत काय? दहाव्या मिनिटाला काय होतं ते बघायला हवं

नागपूरकर_एडिटर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण ओळखीत ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "प्रोसेसर कुठलाय ते बघ आणि घेऊन टाक". दोन वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं.

मी लग्नाचे आणि छोट्या माहितीपटांचे व्हिडिओ एडिट करतो. आधीचा लॅपटॉप अडीच किलोचा, विटेसारखा जाड, शूटिंगला नेताना कॅमेऱ्याच्या बॅगेबरोबर पाठीवर घेतला की संध्याकाळी मान धरायची. म्हणून १४ इंची पातळ घेतला, जाडी १५ मिमीच्या आत, वजन सव्वा किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाचत गेलो तसं कळलं की हा एका कंपनीचा प्रश्नच नाहीये. डिसेंबरात घेतला, हातात धरल्यावर वहीसारखा वाटायचा, काम पण झकास चालायचं. खरं काय ते मे महिन्यात कळलं.

एक २५ मिनिटांची फोर-के फाइल रात्री एक्सपोर्टला, म्हणजे एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ बनवायला लावली. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावायची होती. पहिली तीन-चार मिनिटं पट्टी सरसर पुढे गेली, उरलेला वेळ १४ मिनिटं दाखवत होता, म्हटलं चहा होईपर्यंत झालं. परत आलो तर उरलेला वेळ २२ मिनिटं. मग २८. कीबोर्डच्या वरची पट्टी, पॉवरच्या बटणाजवळची, तिथं बोट टेकवत नव्हतं आणि फॅन बारीक शिट्टी मारल्यासारखा ओरडत होता. वॅट दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर सुरुवातीला प्रोसेसर ५० च्या वर वॅट खातो आणि चार मिनिटांनी १८ वर येऊन बसतो, मध्येच २५, परत १६, असं करवतीच्या दातांसारखं. शेवटी ३४ मिनिटं लागली.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. मित्राचा जुना गेमिंग लॅपटॉप आहे, माझ्यापेक्षा दोन पिढ्या मागचा प्रोसेसर, कागदावर माझ्याहून कमी. तोच प्रोजेक्ट तिथं लावला, १७ मिनिटांत झाला. तो लॅपटॉप २५ मिमी जाड आहे.

म्हणजे मी पैसे प्रोसेसरच्या नावाचे दिले आणि मला मिळाली त्याची पहिली चार मिनिटं. आता मला नीट समजून घ्यायचंय की जाडी कमी केल्यावर नेमकं काय काय जातं, आणि पुढच्या वेळी दुकानात उभं राहून विचारायचं काय. जाणकारांनी सविस्तर लिहा, कितीही लांब लिहिलंत तरी वाचणार आहे.

मेघा_लोकलवाली

तुमचा त्रास समजला पण दुसरी बाजू पण यायला हवी म्हणून लिहितेय. मी डोंबिवलीहून रोज ८.१२ ची लोकल पकडते. आधी ऑफिसने दिलेला लॅपटॉप दोन किलो तीनशे, त्याचा चार्जर वेगळा, डबा, पाण्याची बाटली. गर्दीत बॅग पाठीवर ठेवता येत नाही, पुढे छातीशी धरावी लागते, म्हणजे तास-सव्वा तास ते ओझं दोन्ही खांद्यांवर आणि समोरच्या बाईच्या पाठीवर. डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढल्यावर पहिला प्रश्न विचारला, बॅगेत काय असतं?

आता १.२ किलोचा आहे. माझं काम एक्सेल, मेल, ब्राउजरमधे पंचवीस टॅब, दिवसभर मीटिंगा. फॅन सुरू झालेला मला ऐकूच येत नाही. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते आणि मोबाइलच्याच टाइप-सी चार्जरवर अडीनडीला चार्ज होतो. मला कोणी जाड लॅपटॉप फुकट दिला तरी नको.

एक तक्रार आहे मात्र. गर्दीत बॅग दाबली जाते ना, त्याने स्क्रीनवर कीबोर्डचे ठसे उमटलेत, काळा वॉलपेपर लावला की स्पेसबारची आडवी रेघ स्पष्ट दिसते. मिटल्यावर स्क्रीन आणि बटणांमधे जागाच नाही उरत. सर्विस सेंटरवाला म्हणाला हे वॉरंटीत नाही बसत. पुसून जात नाही, काही उपाय आहे का कोणाकडे?

सोल्डरगन

मेघाताई, आधी मऊ ओल्या मायक्रोफायबरने पुसून बघा, बटणांचा तेलकटपणा असेल तर जातो. घासल्याची रेघ असेल तर जाणार नाही, वाढणार नाही एवढी काळजी घ्यायची, मिटताना मध्ये पातळ कापड ठेवा, आणि चार्जर त्याच कप्प्यात कधीच नाही.

आता मूळ धाग्याबद्दल. कोल्हापुरात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, १४ वर्षं झाली, रोज चार-पाच मशीन उघडतो त्यामुळे आतलं काय ते सांगू शकतो. पातळ लॅपटॉप उलटा करून तळ काढला की निम्म्या जागेत काळी चपटी बॅटरी, वरच्या बाजूला बोर्ड, कधी कधी हाताच्या पंज्यापेक्षा रुंद नाही एवढा, आणि कोपऱ्यात एक फॅन. त्या फॅनच्या पात्यांची उंची बघा, चार-पाच मिमी. जुन्या जाड मशीनमधला फॅन काढून शेजारी ठेवला तर तो दुप्पट उंचीचा असतो. तांब्याची नळी पण चेपून पट्टी केलेली. आणि जिथून गरम हवा बाहेर जाते तिथल्या फिन्स, म्हणजे पत्र्याच्या बारीक जाळ्या, एवढ्या जवळजवळ बसवलेल्या की कागदाची घडी पण जाणार नाही.

परवाच एक आलं होतं, दीड वर्षाचं मशीन, मालक म्हणे "स्लो झालंय, विंडोज मारून द्या". विंडोज मारायची गरजच नव्हती. फॅन काढला तर फॅन आणि फिन्सच्या मध्ये धुळीचा थर, उशीतल्या कापसासारखा, चिमट्याने धरला तर आख्खी पट्टी सलग निघाली. चिपची उष्णता तांब्यापर्यंत नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, नखाने सुटत होती. साफ केलं, नवी पेस्ट लावली, तासाभराचं काम. जाड मशीनमध्ये पण धूळ होते पण तिथं फटी मोठ्या असतात त्यामुळे वर्ष-दोन वर्षं जास्त ढकलता येतं. पातळमध्ये सवडच नाही.

दुसरं, रॅम. बहुतेक पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर असते, म्हणजे कायमची जोडलेली. आठ जीबी घेऊन गेलेले लोक दोन वर्षांनी येतात, "वाढवून द्या". मला नाही म्हणताना वाईट वाटतं कारण त्यांना घेताना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि ती रॅम खराब झाली तर आख्खा बोर्ड. टाइप-सीचा पोर्ट बोर्डवर असेल आणि चार्जर लावताना मशीन पडलं तर परत बोर्ड. बॅटरी फुगली तर पातळ मशीनमध्ये लगेच कळतं, टचपॅड वर येतो किंवा क्लिक होईनासा होतो. असं दिसलं की त्याच दिवशी बंद करून आणा, दाबून बसवायला जाऊ नका, फार वाईट पेटते ती.

नागपूरकर, तुम्ही उन्हाळ्यात कूलरच्या थेट समोर तर ठेवत नाही ना? विदर्भातल्या एका गिऱ्हाइकाचा बोर्ड आला होता, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं जमलेलं, ती ओल होती. कूलर खोलीत असू दे पण झोत अंगावर घ्या, लॅपटॉपवर नको.

नागपूरकर_एडिटर

दादा, अगदी कूलरसमोरच ठेवत होतो. थंड हवा मिळेल म्हणून. आज रात्रीच जागा बदलतो.

उष्मांतर

पुण्यात एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायच्या डिझाइनचं काम करतो, लॅपटॉप नाही पण गणित तेच. सोल्डरगन यांनी आतलं दाखवलंच आहे, मी ते असं का होतं ते लिहितो.

प्रोसेसरला दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक थोड्या वेळासाठी, एक कायमची. इंटेलचा आय७-१२६०पी घ्या, कागदावर बेस २८ वॅट आणि टर्बो ६४ वॅट. टर्बोचे ६४ वॅट म्हणजे धावत जाऊन बस पकडणं, ते कोणी तासभर करत नाही. आणि २८ वर तरी टिकेल का, हे चिप ठरवत नाही, लॅपटॉप बनवणारा ठरवतो, त्याने आत किती तांबं आणि किती मोठा फॅन बसवलाय त्यावर. तीच चिप एका लॅपटॉपमध्ये ४० वॅटवर तासन्‌तास चालते, दुसऱ्यात २० वर. नाव एकच, स्टिकर एकच. नागपूरकर, तुमची पहिली चार मिनिटं म्हणजे सगळं तांबं आणि अॅल्युमिनियम गार होतं तोवरची उधारी. ते तापलं की जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढेच वॅट चिपला मिळतात.

आता मे महिना. चिप साधारण १०० अंशांवर स्वतःला आवरते. खोलीत २५ अंश असतील तर फरक ७५ चा, ४० असतील तर ६० चा. बाहेर जाणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे तोच लॅपटॉप तोच फॅन, नुसत्या उन्हाळ्याने २० टक्के क्षमता गेली. परदेशातले रिव्ह्यू वातानुकूलित खोलीत घेतलेले असतात. चंद्रपूर-नागपूरला राहणाऱ्याने ते आकडे तसेच्या तसे धरू नयेत असं मला फार मनापासून वाटतं.

जाडीमुळे काय जातं? उष्णता वाहून नेणारी नळी आतून पोकळ असते, आत थोडं पाणी, एका टोकाला वाफ होते, दुसऱ्या टोकाला थंड होऊन परत येते. ती नळी चेपत गेलं की वाफेला जागा कमी, तेवढी तिची क्षमता कमी. म्हणून महागड्या पातळ मशीनमध्ये व्हेपर चेंबर वापरतात, तेच तत्त्व, नळीऐवजी रुंद चपटी डबी. फॅनचं तसंच. पात्यांची उंची निम्मी केली तर त्याच वेगाला हवा साधारण निम्मी, भरपाई करायला वेग वाढवायचा. आणि आवाज वेगाच्या पाचव्या घाताने वाढतो, वेग नुसता २० टक्के वाढवला तरी आवाज ४ डेसिबलने वर. तुमची ती शिट्टी तिथून येते.

पण पातळपणाला सरसकट शिव्या देऊ नका, मेघाताईंचं बरोबर आहे. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं आणि खाल्लेली वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यामुळे वॅट निम्मे केले तर काम निम्मं होत नाही, कागदावर हिशोब केला तर साधारण ८० टक्के वेग राहतो. म्हणजे ४५ वॅटवरून २५ वर आलात तर अर्धा लॅपटॉप गेला असं नाही. खड्डा त्याच्या खाली आहे, १५ वॅटच्या खाली ग्राफिक्स आणि सगळे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे वेगवेगळे भाग, एकदम चालवायला गेलात की मग प्रत्येक वॅट जाणवतो. आणि एकाच कोरचं काम असेल, टायपिंग, ब्राउजर, एक्सेल, तर १५-२० वॅट भरपूर झाले.

अजून एक, बॅटरी. १४ इंची लॅपटॉपचा तळ साधारण ३१ गुणिले २२ सेंमी. बॅटरी त्याचा तिसरा हिस्सा व्यापते असं धरा. तेवढ्या जागेत जाडी १ मिमी वाढवली तर २० च्या वर घन सेंमी मिळतात आणि त्यात १० वॅट-अवरच्या आसपास जास्त बसेल. ५५ ची बॅटरी ६५ ची होईल. एक मिमीमध्ये! दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवून कोणाला १ मिमी ओळखता येत नाही, पण दीड तास जास्त चाललेली बॅटरी रोज कळते. या एका मिमीसाठी कंपन्या का भांडतात ते मला आजवर पटलेलं नाही.

कराडचा_बाबा

फार उपयोगी धागा. माझी मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप आणि पुढे लुमियन लागणार म्हणते. हॉस्टेलवर राहते, कॉलेजला चालत जाते, साइट व्हिजिटला पण न्यावा लागतो. दुकानात दोन दाखवले, दोन्हीत आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड आहे, एक छान पातळ आहे, दुसरा जाड आणि दहा हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणतो कार्ड तेच आहे, पातळ घ्या, मुलगी खूश होईल. तिला पण पातळच आवडलाय. काय करू?

उष्मांतर

थांबा, तेच नका धरू. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवता येतं, एनव्हिडियानेच तसा पल्ला दिलाय. याला टीजीपी म्हणतात. ३५-४५ वर बसवलेलं आणि १०० च्या वर बसवलेलं, दोन्हींवर एकच नाव छापतात. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर खाली बारीक अक्षरात वॅट लिहिलेले असतात, ते शोधा. सापडले नाहीत तर चार्जरवर बघा, १०० वॅटचा चार्जर देणारा लॅपटॉप १०० वॅटचं कार्ड चालवूच शकत नाही, स्क्रीन आणि प्रोसेसरला पण त्यातूनच द्यायचंय.

आणि मुलीच्या कामाचे दोन भाग करा. ऑटोकॅडमध्ये रेषा काढणं, रेव्हिटमध्ये मॉडेल उभं करणं हे बहुतेक एकाच कोरवर चालतं, तिथं पातळ लॅपटॉप कमी पडणार नाही. लुमियनचं रेंडर, म्हणजे मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र बनवणं, मात्र सगळा भार ग्राफिक्सवर टाकतं, सबमिशनच्या आदल्या रात्री तासभर सलग. तिथं वॅट मोजले जातात.

सॅनहोजेकर

इकडे बे एरियात वीस वर्षं झाली, लॅपटॉपच्या या पातळपणाच्या शर्यतीची सुरुवात डोळ्यांसमोर बघितली आहे म्हणून थोडा इतिहास.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी स्टेजवर ऑफिसच्या पिवळसर लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सगळ्यात जाड जागी १९.४ मिमी, टोकाला ४. आज १९ मिमीला कोणी पातळ म्हणणार नाही. पण त्या पातळपणासाठी काय दिलं होतं बघा, ८० जीबीची छोटी हार्ड डिस्क, ४२०० आरपीएमची, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेही मंद, २ जीबी रॅम बोर्डवर सोल्डर, यूएसबी पोर्ट एकच, डीव्हीडी ड्राइव्ह नाही. किंमत १,७९९ डॉलर. मग २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकचा, म्हणजे पातळ-हलक्या लॅपटॉपचा नारा दिला आणि सगळे त्या वाटेला लागले. २०१६ चा एचपी स्पेक्टर १३ होता १०.४ मिमी, २०१८ चा एसर स्विफ्ट ७ तर ९ मिमीच्याही आत, त्यात फॅनच नाही.

शर्यत कुठवर ताणायची हे अॅपललाच आधी कळलं असं मी म्हणेन. २०१५ चा १२ इंची मॅकबुक १३.१ मिमी, त्यात नवा बटरफ्लाय कीबोर्ड आणला, बटण जेमतेम दबायचं. धुळीच्या कणाने बटणं अडकायला लागली, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये खटल्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड. २०१८ मध्येच १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये इंटेलचा आय९ प्रोसेसर घातला, तो भाराखाली इतका खाली यायचा की ओरड झाली, काही दिवसांत सॉफ्टवेअर अपडेट द्यावा लागला. मग २०१९ चा १६ इंची आला, आधीच्यापेक्षा जाड, कीबोर्ड जुन्या पद्धतीचा, बॅटरी १०० वॅट-अवर. याहून मोठी का नाही, तर विमानात परवानगीशिवाय १०० पर्यंतच नेता येते. २०२१ मध्ये तर एचडीएमआय, एसडी कार्ड, मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारा चार्जर) सगळं परत आणलं. दहा वर्षं पातळ करत नेलेली मशीन जाड करून विकली आणि लोकांनी आनंदाने घेतली.

आणि फॅन नसलेलं मशीन वाईटच असं पण नाही. २०२० चा मॅकबुक एअर, अॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा, फॅन नाही, आणि तरी पाच-दहा मिनिटांच्या कामात त्याच चिपच्या, तेव्हाच्या फॅनवाल्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या बरोबरीने चालतो. कारण चिपच कमी वॅट खाते. लांबलचक एक्सपोर्टमध्ये मात्र फॅनवाला पुढे जातो, चिप तीच असूनही.

जाता जाता, पातळ आणि हलका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ चा एलजी ग्राम १७, सतरा इंची स्क्रीन, जाडी १७.८ मिमी आणि वजन १.३४ किलो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी. खांद्याला किलो लागतात, मिमी नाही.

मेघा_लोकलवाली

शेवटच्या ओळीला शंभर वेळा हो. मी पण आजवर दोन्ही एकच समजत होते. मला १८ मिमी चालेल, १.२ किलोच हवा.

प्रॉक्सी_प्रिया

नागपूरकर, मी पण एडिटर आहे, मुंबईत मालिकांचं काम करते. सगळे हार्डवेअर बोलतायत, एक साधा प्रश्न, तुम्ही एक्सपोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग चालू ठेवता का? एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओ दाबून फाइलमध्ये बसवणं. सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर असेल तर सगळे कोर पेटतात आणि पातळ मशीनची तिथंच दमछाक होते. चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा छोटा भाग असतो, तो फार थोड्या वॅटमध्ये तेच काम करतो. तुमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत ती सोय मिळते का तेवढं बघा. एडिट करताना पण फोर-केच्या ऐवजी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती बनवून काम करा, शेवटी मूळ फुटेज जोडा. कलर आणि नॉइज रिडक्शनला (अंधाऱ्या शॉटमधले दाणे काढायला) याचा उपयोग नाही, तो भार पडणारच.

क्वालिटीबद्दल खरं सांगायचं तर फार बारीक बघितलं तर सॉफ्टवेअर एन्कोडिंग सरस असतं त्याच बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाला तेवढाच डेटा दिला तर. बिटरेट थोडा वाढवा, लग्नाच्या स्क्रीनवर फरक दिसत नाही.

नागपूरकर_एडिटर

आठ दिवस लावून सगळं करून बघितलं, क्रमाने लिहितो. फाइल तीच, खोली रात्री ३३-३४ अंश, कूलर खोलीत पण लॅपटॉपवर झोत नाही.

आधी नुसतं मागून दोन इंच वर उचललं, स्टँड नव्हता म्हणून दोन जुनी पुस्तकं दोन्ही कडांना, मधली जाळी मोकळी. ३४ मिनिटांची ३१ झाली. एवढ्याने तीन मिनिटं! आजवर टेबलावर सपाट ठेवत होतो आणि टेबलावर प्लॅस्टिकचं कापड, जाळी निम्मी झाकलेली.

मग सीताबर्डीच्या एका ओळखीच्या दुकानात साफ करून घेतला आणि पेस्ट बदलली. समोर उभा राहून बघितलं. सोल्डरगन दादांनी लिहिलंय तशीच धुळीची पट्टी निघाली, राखाडी, त्यात लग्नाच्या मांडवातली सोनेरी चमकी पण होती. आता चिप २४ वॅटवर टिकते, २७ मिनिटं.

मग मी पॉवर लिमिट २४ वर बांधून बघितली, म्हणजे सुरुवातीची ५० ची उडी नाहीच. वेळ तेवढाच लागला, २७. पण करवतीचे दात गेले, फॅन एका सुरात चालतो, वरच्या पट्टीवर बोट ठेवता येतं. मला वाटलं होतं वेळ कमी होईल, तसं नाही झालं.

आणि शेवटी प्रियाताईंचं ऐकलं. हार्डवेअर एन्कोडिंग खरंच बंद होतं, आणि मी दोन वर्षं त्या खिडकीकडे बघितलंच नव्हतं. चालू केलं, बिटरेट थोडा वाढवला. १२ मिनिटं. ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. नॉइज रिडक्शन लावलेल्या रात्रीच्या शॉट्सना मात्र अजूनही तेवढाच दम लागतो, एक गाणं पूर्ण रात्रीचं आहे त्याला २० मिनिटं गेली.

म्हणून घरच्या कामाला एक जाड किंवा सरळ डेस्कटॉप घेणार आणि हा पातळ शूटिंगला, क्लायंटला कच्चं दाखवायला आणि प्रवासात कटिंग करायला ठेवणार. विकायचा विचार सोडला.

सोल्डरगन

उत्तम केलंत. डेस्कटॉप घ्या, मला पण दुरुस्तीला सोपा.

एक रॅमबद्दल राहिलं होतं. सोल्डर केलेली रॅम नुसती जागा वाचवायला नसते, कमी विजेची एलपीडीडीआर रॅम चिपच्या अगदी जवळ लागते, म्हणून इतकी वर्षं ती बोर्डवरच असायची. आता एलपीकॅम२ म्हणून चपटी, स्क्रूने बसणारी पट्टी आली आहे, २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये आहे. माझ्या हातात अजून एकच आली. हे सगळीकडे आलं तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायची वेळ कमी येईल, मनापासून वाट बघतोय. तोपर्यंत, पातळ घेत असाल तर रॅम पहिल्या दिवशीच १६ च्या खाली घेऊ नका, एडिटिंगला ३२.

कराडचा_बाबा

सगळ्यांचे आभार, काल खरेदी झाली. उष्मांतर यांनी सांगितलं तसं दोन्ही मॉडेलचे वॅट शोधले, पातळवाल्यात कार्ड ५० वॅटचं निघालं आणि जाडवाल्यात ९५ चं. दुकानदाराला विचारलं, दहा मिनिटं भार टाकून दाखवाल का? आधी नको म्हणाला, मग डेमोचं मशीन होतं त्यावर लावू दिलं. मी आणि मुलगी स्टुलावर बसून घड्याळ लावून बघत होतो. पातळ आठव्या मिनिटाला जवळजवळ निम्म्यावर आला, जाड होता तिथंच. मुलीनेच सांगितलं, बाबा हा घेऊ. आवडला होता पातळच, पण तिचा चेहरा बघून कळलं की तिला कारण पटलंय.

वजन मात्र २.१ किलो आणि चार्जर ७०० ग्रॅमचा, तो ठोकळा बघून ती जरा हिरमुसली. रोज कॉलेजला दोन्ही न्यायचं म्हणजे मेघाताईंनी लिहिलंय तेच होणार. यावर काही?

मेघा_लोकलवाली

चार्जर हॉस्टेलवरच ठेवायला सांगा. टाइप-सीवर चार्ज होतो का तेवढं बघा.

सोल्डरगन

हो, तेच. मशीनच्या टाइप-सी पोर्टशेजारी विजेचं किंवा बॅटरीचं बारीक चिन्ह असेल, किंवा कागदावर पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं असेल तर १०० वॅटचा छोटा टाइप-सी चार्जर घ्या, वजनाला २०० ग्रॅमच्या आसपास. त्यावर रेंडर करायला जाऊ नका, बॅटरी उतरत जाईल, पण वर्गात ऑटोकॅडला पुरतो. केबल मात्र १०० वॅटची घ्या, मोबाइलबरोबर आलेली चालणार नाही. आणि बॅग घेताना लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असेल अशी घ्या, वजन अंगाशी राहतं.

कराडचा_बाबा

चिन्ह आहे, आत्ताच फोन करून बघायला लावलं. रविवारी पुण्याला जातोय तेव्हा चार्जर घेऊन देतो.